मागच्या खिडकीची पाचर

माझे साडू भास्करराव यांनी मला फसवलं. ‘माझ्या मते’, ‘असं वाटतं’ असली शेपटं मी या वाक्याला जोडणार नाही. माझी वीस-बावीस उन्हाळ्यांची अक्कल त्यांनी एका दुपारी वहीत उतरवून घेतली, स्वतःच्या नावाने छापली आणि त्या कागदावर माझं नाव कुठेही घातलं नाही. पुढे एकदाच त्यांनी चार माणसांत माझं नाव घेतलं. ते कुठे घेतलं हे ओघात येईलच.

संपादकांनी मला सांगितलं होतं की तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, म्हणजे वाचकांना उन्हाळ्यात घर आणि तब्येत कशी सांभाळावी याच्या चार उपयोगी गोष्टी मिळतील. त्या मिळतील. पण कुणाकडून कुणाकडे गेल्या, हे वाचूनच त्या घ्याव्या लागतील.

माझा धंदा घरं गार करण्याचा होता. आज असं कुणाला सांगितलं तर हसतात. काष्टीला बाजारतळाच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती. फाल्गुन लागला की काम सुरू व्हायचं आणि मृग जवळ आला की संपायचं. काम तीन प्रकारचं. ज्याचं घर पत्र्याचं, त्याच्या पत्र्यावर उसाच्या पाचटाचा हातभर थर घालून वर दोऱ्या आवळायच्या. ज्याचा स्लॅब, त्याच्या स्लॅबवर चुना द्यायचा. आणि ज्याची ऐपत बरी, त्याच्या खिडकीला वाळ्याची ताटी बसवायची.

चुना म्हणजे बाजारातून आणला आणि फासला असं नसतं. कळीचा चुना चार दिवस पाण्यात विरवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात चुना धरून राहावा म्हणून सरस आणि मूठभर मीठ घालायचं. ऊन कलल्यावर स्लॅबवर आधी पाणी मारायचं आणि मग कुंचा फिरवायचा. भर उन्हात दिलेला चुना पापडासारखा निघून येतो. ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं ठासून सुतळीने शिवलेला पडदा. वारा येतो त्या बाजूच्या खिडकीला ती लावायची आणि दुपारभर तिच्यावर पाणी मारत राहायचं. ओल्या वाळ्यातून आलेला वारा गार होतो, त्याला वासही येतो. लोक पैसे वासाचे देत, गारव्याचे नाही, हे मी लवकर ओळखलं होतं.

घासाघीस करण्यात मला कुणी हरवलं नाही. माझी रीत साधी होती. भाव सांगायचा, गिऱ्हाईक कुरकुरलं की चुन्याची बादली उचलून चालायला लागायचं. चार पावलं गेलो की मागून हाक येतेच. ती येईपर्यंत वळून बघायचं नाही, एवढं जमलं पाहिजे. माझा संताप लोकांना ठाऊक होता, त्यामुळे मी खरंच जाईन असं त्यांना वाटायचं. कधी कधी मी खरंच जायचो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पारनेरला एक बाई होत्या, नवं घर, कोरा स्लॅब. कुंचा बुडवला तोच त्या जिन्यावरून ओरडल्या, “आमचं मालक आजून हिंडत-फिरत हायेत. माज्या घराचं कपाळ पांढरं करायचं न्हाई.” मालक खाली खाटेवर बसून ऐकत होते, त्यांनी मान खाली घातली. मी बादली उचलली, चार पावलं गेलो, हाक आली नाही. म्हणून मीच परत आलो आणि म्हणालो, बाई, सगळा चुना देतो आणि कडेने चार बोटं गेरूचा पट्टा ओढतो, म्हणजे कपाळाला कुंकू आलं. त्या कबूल झाल्या. पुढच्या वर्षी त्या गल्लीतल्या तिघींनी गेरूचा पट्टा मागितला आणि त्याचे मी वेगळे घेतले. ही पारनेरची बाई लक्षात ठेवा.

दुसरे एक निवृत्त सुभेदार होते, श्रीगोंद्याकडचे. खोली गार झाली की नाही हे त्यांची मांजर ठरवणार, असा त्यांचा करार. मांजर येऊन बसली तर पैसे. मी दुपारभर उकिडवा बसून मांजरीची वाट बघितली. ती आली, ताटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध, ताटी आणि मागची खिडकी यांच्या बरोबर रेषेत तिने अंग टाकलं. सुभेदार म्हणाले, “हितं का बसली?” मी म्हणालो, “तिची मर्जी.” खरं कारण मला ठाऊक होतं. मी ते कुणालाच सांगत नव्हतो.

आता ते सांगायचं तर मागे जावं लागेल. मी पारनेर तालुक्यातला. सातवीला शाळा सुटली आणि नगरला एका बंगल्यावर काम मिळालं. बारा ते चार ताट्यांवर पाणी मारायचं. चार खोल्या, चार ताट्या, पाणी मारणारा मी एकटा, पण कोपऱ्यातली जुनी खोली बाकीच्यांपेक्षा गार असायची. मालक म्हणत तिथली ताटी चांगली आहे. मी ताट्या अदलून बदलून पाहिल्या. तरी तीच खोली गार. मग एक दिवस लक्षात आलं की त्या खोलीच्या मागच्या खिडकीचं दार फुगलं होतं. ते लागतच नव्हतं, चार बोटं उघडं राहायचं. ताटीतून आलेला वारा तिथून बाहेर पडत होता, म्हणून त्याच्या मागोमाग ताटीतून नवा वारा आत येत होता. बाकीच्या खोल्यांत सगळं घट्ट बंद. ओली हवा आत येऊन कोंडायची आणि माणूस घामाने निथळायचा.

हे मला कुणी शिकवलं नाही. पुढे स्वतःचा धंदा सुरू केला तेव्हा प्रत्येक ताटीच्या समोरच्या खिडकीत मी बाभळीची एक पाचर ठोकू लागलो, म्हणजे दार चार बोटं उघडं राहील आणि कुणाला लावता येणार नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचो, ताटीचा ताण ह्या चौकटीवर आलाय, पाचर काढली तर भिंत तडकेल. ताटी एका भिंतीला आणि पाचर दुसऱ्या, पण वीस वर्षांत कुणी उलटून विचारलं नाही. हंगाम संपला की ताट्यांबरोबर पाचरी काढून पोत्यात भरायच्या. लोकांना वाटायचं जादू माझ्या वाळ्यात आहे. माझं बघून दुसऱ्यांनी ताट्या केल्या, त्यांच्या खोल्या गार झाल्या नाहीत, आणि मी बाजारात छाती काढून हिंडत राहिलो.

आता सासरकडे वळतो. माझं सासर तिसगावचं. माझी बायको शालन थोरली, तिची बहीण मंदा धाकटी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. नऊ वर्षं त्या घरात मी एकटा जावई होतो. पत्रा उडाला, बोलवा. विहिरीचा दोर तुटला, बोलवा. मामी माझ्यासाठी चुलीवरची ज्वारीची भाकरी आणि ठेचा करायची आणि मी जेवत असताना समोर बसायची. मला आई लवकर गेली होती. जास्त काही लिहीत नाही.

मग मंदाचं लग्न झालं आणि भास्करराव आले. बी.ए., बी.एड., हायस्कुलात मास्तर. त्या दिवसापासून मी ‘जावई’ होतो तो ‘थोरलं पाव्हणं’ झालो, आणि ते ‘गुरुजी’ झाले. त्यांना भाकरी पचत नाही म्हणून पोळ्या होऊ लागल्या. त्यांना पाणी फुलपात्रातून, मला तांब्या. आंब्याची पाटी एस.टी. स्टँडवरून मी खांद्यावर आणायची आणि पहिली फोड त्यांच्या ताटात पडायची. सगळ्यात लागलं ते असं, की मामीच्या खोलीला दर वर्षी ताटी मी लावायची आणि तिच्यासमोरच्या खाटेवर दुपारी भास्कररावांनी झोपायचं. मी ओसरीवर. आतून त्यांचं घोरणं ऐकू यायचं आणि वाळ्याचा वास यायचा. माझाच वाळा.

माणूस वाईट होता असं म्हणता येत नाही, तीच तर अडचण आहे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आवाज असा की साधं ‘पाणी द्या’ म्हणाले तरी ऐकत राहावं. हे मान्य करताना मला आजही पोटात दुखतं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. चैत्रात आम्ही सगळे तिसगावला जमलो होतो. जेवणं झाल्यावर भास्करराव खाटेवर न जाता ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. हातात वही. म्हणाले, “थोरले, एवढी घरं गार करता तुम्ही. माणसाने उन्हाळ्यात काय काय सांभाळावं ते जरा सांगा ना. वर्गात मुलांना सांगेन.”

तोवर माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. मी बोललो की त्यांचा पेन चालायचा, मी थांबलो की थांबायचा. हे सुख मला नवं होतं, आणि मी वाहवलो. दोन तास बोललो.

सांगितलं की उन्हाळ्यात घर पहाटे उघडायचं, रात्रभराची गार हवा आत भरून घ्यायची आणि ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या लावायच्या. लोक नेमकं उलटं करतात. दुपारी चूल पेटवायची नाही, स्वयंपाक सकाळीच उरकायचा. माठ कोपऱ्यात ठेवायचा नाही, वाऱ्याच्या वाटेवर ओल्या वाळूवर ठेवायचा, आणि आतून साबणाने कधी घासायचा नाही. माठात वाळ्याची जुडी टाकली तर दोन दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, नाहीतर बुळबुळीत होते. उन्हातून आल्याबरोबर गटागटा पाणी प्यायचं नाही. आधी सावलीत टेकायचं, घाम जिरू द्यायचा, मग घोट घोट प्यायचं. घराबाहेर पडताना मात्र तहान नसली तरी पोटभर पिऊन निघायचं. बाजरी थंडीत, उन्हाळ्यात ज्वारी. ताकात मीठ-जिरं, कैरीचं पन्हं, जेवणात कच्चा कांदा. डोक्याला पांढरं उपरणं, अंगात सैल सुती. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं पाणी मागत नाहीत, त्यांना विचारायचं नाही, नेऊन पाजायचं. पिंपात, डबक्यात पाणी आठवड्याच्या वर साठवायचं नाही, डास होतात. पाचट कसं घालायचं तेही सांगितलं, चुन्यात सरस किती तेही सांगितलं. पारनेरच्या बाईंची गोष्ट सांगितली, तेव्हा ते खूप हसले आणि तीसुद्धा लिहून घेतली.

शेवटी त्यांनी विचारलं, “आणि ताटी लावल्यावर?”

मी म्हणालो, “ताटी भिजवत राहायची. बास.”

पाचर मी सांगितली नाही. धंदेवाला माणूस दुकान दाखवतो, किल्ली देत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पिवळ्या कागदावर छापलेलं पत्रक निघालं. उन्हाळ्यासाठी घरगुती आरोग्याच्या वीस सूचना. वर भास्कररावांचा फोटो, खाली नाव आणि पदव्या. कुठल्याशा पतसंस्थेने छापून दिलं होतं. वीसच्या वीस सूचना माझ्या. भाषा सुधारली होती, एवढं त्यांचं. मग गावोगाव त्यांची व्याख्यानं सुरू झाली. शाल, नारळ, टाळ्या.

काष्टीच्या बाजारच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात त्यांचं व्याख्यान झालं. मी मागे खांबाला टेकून उभा होतो, हाताला चुना तसाच. त्यांनी घरावर चुना देण्याची सूचना सांगितली आणि पुढे म्हणाले, “आमच्या एक मावशी आहेत पारनेरला...” आणि कपाळ, कुंकू, गेरूचा पट्टा, सगळं आलं. मंडप हसला. माझ्या शेजारी कांद्याचा एक व्यापारी उभा होता, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याने मला कोपराने ढोसलं. “ऐका नीट, एकनाथराव. तुमच्या कामाचं हाय. गुरुजींकडनं शिकून घ्या.”

व्याख्यान संपल्यावर मी भास्कररावांना बाजूला घेतलं. माझा आवाज चढला होता. त्यांचा नाही. खांद्यावरची शाल सावरत ते म्हणाले, “अहो थोरले, ज्ञान कुणाच्या मालकीचं असतं का? लोकांचं भलं झालं ना, मग झालं.”

“मग खाली तुमचं नाव कशाला छापलं?”

ते हसले. “पुढच्या छपाईत बघू.”

पुढची छपाई झाली. फोटो नवा होता, नाव तेच.

त्यानंतर माझं गिऱ्हाईक पत्रक हातात धरून घासाघीस करू लागलं. चुन्यात सरस किती हे त्यांना ठाऊक, मग मला जास्त कशाला देतील? कित्येकांनी ताटीऐवजी खिडकीला ओलं गोणपाट लावलं, पत्रकात लिहिल्याप्रमाणे बाकीच्या दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या आणि आत घामाघूम होऊन बसले. मला येऊन सांगायचे, आता ओल्या वाऱ्यातबी दम राहिला न्हाई. मला कारण माहीत होतं. मी बोललो नाही. ज्याने वीस घेतल्या त्याला एकविसावी मी का द्यावी?

तिसऱ्या उन्हाळ्यात तिसगावहून खबर आली. माझ्या शेडशेजारी एक एस.टी.डी. बूथ होता, तिथल्या माणसाने हाक मारली, “सासरचा फोन हाय.” मामीला नगरला दवाखान्यात हलवलं होतं. मिळाला त्या टेम्पोने मी गेलो. शालन आधीच पोचली होती. मामी खाटेवर, हाताला सलाईन, ओठ सुकलेले, श्वास बारीक. मामा पायथ्याशी. भास्करराव आणि मंदा भिंतीपाशी.

डॉक्टर तरुण होते, आमच्याच भागातले. त्यांनी विचारलं, दुपारी आजी कुठे होत्या? मामा सांगू लागले. खोलीतच होती, उन्हात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. ताटी सारखी भिजवत होतो. दारं-खिडक्या सगळ्या घट्ट लावलेल्या. “कागदात लिव्हलंय तसंच केलं, डॉक्टर. घरात फ्रेम करून लावलाय.”

डॉक्टर म्हणाले, “आजोबा, नुसत्या खिडक्या लावल्या असत्या तरी चाललं असतं. ताटी लावून मागची खिडकी उघडी ठेवली असती तर फारच उत्तम. दोन्ही एकदम केलं. वर पत्रा तापलेला, आत ओली हवा, वाऱ्याला जायला वाट नाही. कोंडलं तुम्ही त्यांना.”

सगळ्यांनी भास्कररावांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे सगळं एकनाथरावांनीच सांगितलेलं आहे,” ते म्हणाले. “मी फक्त शब्दांकन केलं.”

एरवी ते मला ‘थोरले’ म्हणत. त्या दिवशी नाव घेतलं. दोन छपायांत, दहा-बारा व्याख्यानांत जे नाव आलं नव्हतं, ते दवाखान्याच्या खोलीत, मामीच्या पायथ्याशी आलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं. मी काहीच बोललो नाही. माझा स्वभाव शालनला पक्का ठाऊक. मी गप्प राहिलो याचंच तिला नवल वाटलं. मंदाला वाटलं, खरं असेल म्हणून गप्प आहेत. तेव्हापासून आमच्या सोयऱ्यांत ही गोष्ट अशीच सांगितली जाते, की थोरल्याच्या सांगण्यापायी म्हातारी मरता मरता वाचली.

मी गप्प का राहिलो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

त्याच्या आठवडाभर आधी मी तिसगावला गेलो होतो, मामीच्या खोलीच्या ताटीत नवा वाळा भरायला. भिंतीवर घड्याळाखाली ते पिवळं पत्रक काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं दिसलं. मामा शेजाऱ्यांना ते दाखवत होते. मला बघून म्हणाले, “थोरलं, एकदा वाचून घ्या सवडीनं. तुमच्या धंद्याला उपेगी पडंल.” त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. मामी चहा घेऊन आली, तिनेही फ्रेमवरची धूळ पदराने पुसली. त्या पदराने माझ्या डोक्यात जी आग गेली ती काय सांगू. मी चहा घेतला नाही. खोलीत गेलो, मागच्या खिडकीतली पाचर हिसडून काढली आणि बंडीच्या खिशात घातली.

म्हटलं, आता गुरुजींच्या कागदाने खोली गार करून दाखवा. दोन दिवसांत उकडायला लागेल, मग निरोप येईल, थोरल्यांना बोलवा, त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. मी आयुष्यभर हेच करत आलो होतो. बादली उचलायची, चार पावलं चालायचं आणि मागून येणाऱ्या हाकेची वाट बघायची. हाक आली, पण ती दवाखान्यातून. पाचर असती तर कागदात काहीही लिहिलेलं असो, ती खिडकी लागलीच नसती. डॉक्टर बोलत होते तेव्हा ती माझ्या खिशात होती आणि कमरेला टोचत होती.

चार दिवसांनी मामी घरी आली. मी टेम्पोतून सोबत आलो होतो. तिला खाटेवर टेकवलं, तिने सगळ्यांना काही ना काही कामाला लावून बाहेर घालवलं आणि मला थांबवलं.

“थोरलं पाव्हणं, मागल्या खिडकीची पाचर कुठं हाय?”

माझा हात बंडीच्या खिशाकडे गेला.

“तुमी काढताना मी बघितलं हुतं,” ती म्हणाली. “म्हनलं, कशाला तरी नेली आसंल, आनून बसवतील. दर साली तुमीच बसवता.”

मी खिशातून पाचर काढली. तिने हातात घेतली नाही, नुसतं खिडकीकडे बोट केलं. मी ती ठोकून बसवली. ताटी भिजवली. वारा सुरू झाला तसा तिने डोळे मिटले आणि तशीच, मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, “कुनाला बोलू नगा. दोन जावई हायेत, दोघंबी पायजेत मला.”

दोघंबी, म्हणाली. मला वाचवत होती, हे कळत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हेही खरं आहे. आणि त्याच वेळी मनात आलं की ‘दोघंबी’ कशाला, निदान आज तरी एकट्या माझं म्हणायचं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं.

त्यानंतर मामी बरीच वर्षं जगली. दर फाल्गुनात मी तिची ताटी लावली, पाचर तिच्या हातात देऊन तिच्यादेखत ठोकली. आमच्यात तो विषय परत निघाला नाही. तिने कुणाला सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. भास्कररावांनीही पत्रक बंद केलं नाही आणि सुधारलंही नाही. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी माझ्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं. पुढल्या छपाईत मागच्या खिडकीची एक ओळ घातली असती तर कागदात चूक होती हे कबूल करावं लागलं असतं. पतसंस्थेने पुन्हा छापलं. त्याच वीस सूचना.

पुढे घरोघर पत्र्याचे कूलर आले आणि माझा धंदा बसला. कूलर लावून सगळं घर घट्ट बंद करणारी माणसं मी जागोजाग बघतो, आणि दर वेळी मला ती खाट आठवते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी माझ्या सुनेच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर आला. उन्हाळ्यासाठी वीस सूचना, वर तोच फोटो, केस काळे असतानाचा. सुनेने मला कौतुकाने वाचून दाखवला. “बाबा, हे आपले काकाच ना?” मी म्हणालो, हो, आपलेच. शेवटपर्यंत ऐकलं. मागच्या खिडकीचा शब्द नाही.

म्हणून एकविसावी सूचना मी इथे देतो, फुकट, आयुष्यात पहिल्यांदा. ताटी असो, ओलं गोणपाट असो, कूलर असो, ज्या बाजूने गार हवा आत येते त्याच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवेला जायला वाट असेल तरच नवी हवा येते. घरात म्हातारं माणूस असेल तर ती खिडकी चुकूनही लागणार नाही अशी पाचर ठोका, आणि कुणावर कितीही राग आला तरी ती काढू नका.

माझ्या पाचरीचा जाब मी दिला. ज्यांना तो द्यायला हवा होता त्या मामीला सगळं ठाऊकच होतं, मामा ते न कळताच गेले, आता शालन हे वाचेल तेव्हा घरात काय होईल ते मी बघेन. उरले भास्करराव. तुम्हीही आता निवृत्त आहात, वेळ भरपूर आहे, अक्षर अजून चांगलं असेल. डॉक्टरांनी सांगितल्यावरही ती एक ओळ तुम्ही का घातली नाही? पारनेरची ती बाई तुमची मावशी कधीपासून झाली? आणि टाळ्या होत्या तिथे तुमचं नाव होतं, तर मामीच्या पायथ्याशी एकदम माझं कसं झालं? मला तोंडी नको, मंदाकडून निरोप नको. उत्तर द्या ते याच संपादकांकडे, कागदावर, खाली स्वतःची सही करून.